मास्तरांची छत्तीसची कंबर

माझ्या धाकट्या दिराला सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले मास्तर नव्हेत, कपडे बेतणारे मास्तर. मी या घरात आले तेव्हा तो माझ्या बाहीला नाक पुसायचा, म्हणून मी अजून त्याला अरेतुरेच करते. बाकी लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

तो गणवेशाच्या कारखान्यात आहे. पहारेकरी, माळी, इस्पितळातले वॉर्डबॉय, या सगळ्यांच्या पँटी तिथे शिवतात. लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे थर, एका बाजूला मशिनींची रांग, दुसऱ्या बाजूला वाफेच्या इस्त्र्या. मी स्वतः तिथे काही वर्षं काजबटणं केली आहेत, त्यामुळे मला हे ऐकून नाही, बघून माहीत आहे. मास्तर कापड बेततो ते तर झालंच. पण त्याचं खरं काम वेगळंच. नवीन पँट निघाली की पहिला नमुना त्याच्या अंगावर चढवायचा. त्याच्या अंगावर नीट बसला की मग त्याच्यावरून मोठी मापं, लहान मापं काढायची. त्याची कंबर छत्तीस. लग्नाच्या आधीपासून छत्तीस. मुलं झाली, केस गेले, खालचे दात गेले, तिथे कवळी आली, पण कंबर जागची हलली नाही. रस्त्यातून जाताना एखादा पहारेकरी दिसला की तो त्याच्या पार्श्वभागाकडे प्रेमानं बघायचा. लोकांचे गैरसमज व्हायचे.

आणि मग ती हलली. अडतीस झाली.

कारखान्याची मालकीण वाईट नाही. बापाच्या पश्चात तिनं सगळं सांभाळलं आहे. तिनं मास्तरला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. ती चहा देते तेव्हाच ओळखायला हवं.

"मास्तर, बसवाल्यांचं काम येतंय. सगळ्या ड्रायव्हरांच्या पँटी. त्यांचा माणूस नमुना बघायला येणार आहे. तोवर तुम्ही छत्तीसवर आलात तर उत्तम. नाहीतर मी पुतळा मागवते. स्क्रू फिरवला की हवी ती कंबर होते म्हणे."

हे त्यानं घरी येऊन फक्त मला सांगितलं. आमचं घर म्हणजे खाली त्याच्या दोन खोल्या, वर माझ्या दोन, मध्ये जिना. तो जिन्यात बसला, बूटही काढले नाहीत.

"वहिनी, पुतळा."

"मग येऊ दे की. तुझी कात्री थोडीच चालवणार आहे तो."

"कात्री काय, कोणीही चालवेल. माप मी आहे."

माणूस जन्मभर माप होऊन राहिला आणि एक दिवस त्याला सांगितलं, तू आता माप नाहीस. मग उरलं काय? टक्कल आणि चष्मा.

वजन उतरवायचे हजार रस्ते आहेत. त्यातला सगळ्यात आवाज करणारा यानं निवडला. मोबाइलमध्ये एक गुरू होता. गाल असे लाल की मला वाटलं ताप आहे. तो म्हणायचा, शिजवलेलं अन्न म्हणजे मेलेलं अन्न. कच्चं खा, जिवंत खा, आग लावू नका. मास्तरनं ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून कोबी, गाजर, काकडी, बीट, कच्चा कांदा, मोड आलेली कडधान्यं, बदाम. सकाळी तेच, दुपारी डब्यात तेच, संध्याकाळी उरलेलं तेच.

माझी धाकटी जाऊ तर हरखली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा तिला असा पाठिंबा कधी मिळाला नव्हता. तिनं शेगडी घासूनपुसून लख्ख केली, वर फडकं घातलं आणि फडक्यावर फुलदाणी ठेवली.

"ताई, आता मी मोकळी," ती मला म्हणाली. "धुवायचं आणि द्यायचं. घोड्याला देतात तसं."

पहिले काही दिवस मास्तर खरंच हलका झाला. सकाळी उठला की टेप घेऊन आरशासमोर. श्वास आत ओढल्याशिवाय साडेछत्तीस. माझ्याकडे टेप नाचवत वर यायचा. पण ती सकाळची गोष्ट. संध्याकाळी तोच माणूस कामावरून घरी यायचा तेव्हा आधी पोट दारातून आत यायचं, मग मास्तर. टेप लावायची हिंमत धाकटीनं एकदा केली. तिनं आकडा मला बोटांवर दाखवला, तोंडानं सांगितला नाही.

आणि आवाज. जिवंत अन्न पोटात गेल्यावरही जिवंतच राहतं हे मला तेव्हा कळलं. मी वर खुर्चीत बसलेली असायचे आणि खालून कोणीतरी कपाट सरकवतंय असा आवाज यायचा. कपाट नाही, माझा दीर.

"गुरू म्हणतो, विष बाहेर पडतंय," त्यानं मला समजावलं.

"बाहेर पडतंय ते आम्हालाही कळतंय," मी म्हटलं. "खिडकी उघड."

कारखान्यात तर त्याची जास्तच अडचण. टेबलावर वाकून कापायचं म्हणजे पोट दाबलं जाणार आणि दाबलं गेलं की बोलणार. मशिनवरच्या बायका फार सभ्य. कोणी काही म्हटलं नाही. फक्त ज्या खिडक्या कित्येक वर्षांत उघडल्या नव्हत्या त्या सगळ्या उघडल्या आणि एकीनं स्वतःच्या पैशानं छोटा पंखा आणला, तो मास्तरकडे तोंड करून लावला.

मग तो प्रकार झाला. बसवाल्यांच्या पँटीचा पहिला नमुना मास्तरनं स्वतःच्या सकाळच्या कमरेवर बेतला. शिवून होईस्तोवर दुपार झाली, जेवण झालं. जेवणानंतर मालकिणीसमोर त्यानं पँट चढवली, कसाबसा हूक लावला आणि अभिमानानं श्वास सोडला. हूक उडाला. समोर इस्त्रीवाली उभी होती, तिच्या इस्त्रीवर जाऊन टिंग वाजला. मालकीण केबिनमध्ये गेली आणि तिथून फोनवर तिचा आवाज आला, "हो, बिनडोक्याचा चालेल. स्क्रूवाला द्या."

आता इलाजाची पाळी माझी. मला काही येतं असं नाही, पण घरात वडीलधारी असली की तिनं काहीतरी द्यावं लागतं. मी आधी खायचा सोडा पाण्यात घालून दिला. आधी कपाट सरकायचं, सोड्यानं आता ट्रक मागे घेतल्यासारखा आवाज यायला लागला. मग मी एरंडेल दिलं. त्यानंतरचा अख्खा दिवस त्यानं कुठे काढला ते सांगायची गरज नाही. धाकटी मात्र फुलदाणी उचलून संडासाच्या दारात ठेवून आली.

शेवटी त्याला डॉक्टरीणबाईकडे नेलं. कोपऱ्यावर दवाखाना आहे. मुलगी तरुण, पण हात मोठ्या बाईचा. तिनं पोट चारी बाजूंनी दाबून बघितलं. ताप येतो का, उलटी होते का, रक्त पडतं का, खूप दुखून जाग येते का, सगळं विचारलं. सगळ्याला नाही.

"मग घाबरायचं कारण नाही," ती म्हणाली. "पण काका, जन्मभर मऊ भात आणि पातळ डाळ खाल्लीत आणि एका रात्रीत अख्खा मळा पोटात घेतलात. पोटाला सवय लागायला वेळ द्याल की नाही?"

"गुरू म्हणतो…"

"गुरूंचं पोट गुरूंना माहीत. तुम्ही असं करा. कोबी, कच्चा कांदा काही दिवस बंद. कच्चं एका वेळी थोडंच, हळूहळू वाढवायचं. काकडी, गाजर सोलून घ्या. बदाम रात्री भिजवा. मोडाची कडधान्यं कच्ची नकोत, वाफवून. दिवसातून एक वेळ तरी गरम, शिजवलेलं. जेवल्यावर जरा फिरा. आणि चावा. तोंडात लगदा होईपर्यंत चावा. दातांचं काम पोटाला सांगू नका."

मास्तरनं मान डोलावली. तिनं माझ्याकडे बघितलं. "एरंडेल कोणी दिलं?"

मी भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत होते.

"परत देऊ नका," ती म्हणाली. नको तर नको. मी कधी दुकान टाकलं होतं?

त्या दिवसापासून सगळं तिच्या सांगण्याप्रमाणे सुरू झालं. धाकटीनं शेगडीवरचं फडकं काढलं, तोंड वाकडं करत शेगडी पेटवली. सकाळ-संध्याकाळ घरात मास्तर माझ्या डोळ्यांसमोर जेवायचा आणि असा चावायचा की बघणाऱ्याचा जबडा दुखावा. फरक पडला. पण गंमत अशी की तो फरक फक्त सुट्टीच्या दिवशी. घरी राहिला की पोट गप्प, संध्याकाळीसुद्धा मऊ. कामावर गेला की परत ढोल. डबा तोच, गाजर तेच, माणूस तोच.

धाकटीला वाटलं तो कामावर लपून काहीतरी खातो. मला वाटलं पुतळ्याची धास्ती. पुतळा तोवर येऊन पोचलाही होता. मास्तर सांगायचा, "बेतायच्या टेबलाशेजारी उभा करून ठेवलाय. डोकं नाही, हात नाहीत आणि तरी माझ्याकडे बघतो."

एका संध्याकाळी तो जिन्यात बसला होता, मी पायरीवर शेंगा सोलत होते. बोलता बोलता मी म्हटलं, "त्याला डोकं नाही ते बरं. नाहीतर त्यानंही गुरू केला असता." तो हसला. बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला, आणि मी शेंगा खाली ठेवल्या.

"अरे, तुझे खालचे दात निळे का?"

तो एकदम तोंड मिटून बसला.

आता कवळीचं मला कोणी शिकवू नये. माझ्या वर-खाली दोन्हीकडे आहे. चहानं पिवळी होते, पानानं लाल होते, बीट खाल्लं तर काही वेळ गुलाबी दिसते. निळी होत नाही.

"शाई प्यायलास?"

"खडू असेल," तो पुटपुटला. कापडावर खुणा करायचा चपटा निळा खडू, तो.

"खडू खातोस?"

"खात नाही हो वहिनी. कवळी खडूच्या डबीत ठेवतो."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कपडा अंगावर बसवताना टाचण्या लागतात आणि जुने मास्तर लोक त्या ओठांत धरतात. एकावेळी मूठभर. बोलायचं तेही टाचण्यांच्या आडून. याची खालची कवळी सैल झाली होती. टाचण्या ओठांत धरल्या की कवळी उचलायची आणि टाचण्या डुलायच्या. एकदा एक जिभेला टोचली. तेव्हापासून हा रोज कामाला लागला की खालची कवळी काढून खडूच्या डबीत टाकतो, ती थेट घरी निघताना तोंडात.

"आणि जेवताना?"

"जेवायला वेळ कितीसा असतो. परत धुवा, लावा, काढा. आधी मऊ भात असायचा डब्यात. हिरडीवर चालून जायचं."

"आणि आता गाजर असतं."

तो जिन्याच्या कठड्याशी बोलला. "गिळतो."

"सबंध?"

"तुकडे करून."

तरी म्हटलं सुट्टीच्या दिवशी पोट गप्प का. महिनाभर हा माणूस लाकडाचे ठोकळे गिळत होता आणि गुरू सांगत होता विष बाहेर पडतंय. मी धाकटीला हाक मारली. तिनं सगळं ऐकलं, कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे मी घोड्याला देतेय असं समजत होते," ती म्हणाली. "घोडा तरी चावतो."

"डॉक्टरीणबाईनं सांगितलं तेव्हा मान कशाला डोलावलीस?" मी विचारलं.

"तिनं चावा म्हटलं. मी घरी चावत होतो."

"आणि पोट काय घरी ठेवून कामावर जातोस?"

आता यावर उपाय सरळ होता. टाचण्या ओठांतून काढायच्या आणि दात तोंडात घालायचे. पण मास्तर ऐकेना. मनगटावर टाचण्यांची उशी बांधतात ती शिकाऊ पोरं, असं त्याचं म्हणणं. आपण मास्तर आहोत, मास्तराच्या टाचण्या ओठांत. वाद फार झाला. मला वाटलं आता तो पुतळाच घरी आणावा लागेल, याच्या जागी ताटावर बसवायला.

"हे बघ," शेवटी मी म्हटलं. "ओठांत टाचण्या ठेव, माझी ना नाही. मग गाजर सोड, भात खा, अडतीस राहा आणि पुतळ्याच्या हाताखाली काम कर. त्याला तर हातसुद्धा नाहीत."

तो आत गेला. मी जुन्या मोज्याची टाच कापली, आत कापूस भरला, बाजूनं नाडी शिवली आणि उशी सकाळी त्याच्या डब्यावर ठेवली. संध्याकाळी तो परत आला तेव्हा ती मनगटावर होती आणि टाचण्यांनी भरलेली होती. मी बघितलं नाही असं दाखवलं, त्यानं दाखवली नाही असं केलं. दात पांढरे होते.

दातवाल्याकडून कवळी घट्ट करून आणली. धाकटी गाजर किसून द्यायला लागली, काकडी सोलून, बदाम भिजवून साल काढून. दुपारच्या डब्यात निम्मं कच्चं, निम्मं गरम रस्सा आणि मऊ भात. सोबत आल्याचा तुकडा. "कच्चं खाणं म्हणजे काम कमी असं मला वाटलं होतं," ती किसणीवर बोटं सांभाळत म्हणायची. "याच्यापेक्षा मेलेलं अन्न बरं होतं. गप्प तरी पडून राहायचं." पण किसायची. जेवल्यावर मास्तर कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारायचा. मशिनवरच्या बायकांनी एकेक करून खिडक्या लावून घेतल्या. छोटा पंखा मात्र राहिला. गरम होतं, पंखेवाली म्हणाली.

कंबर एकदम नाही, पण छत्तीसकडे सरकली. आणि मुख्य म्हणजे सकाळची आणि संध्याकाळची एकमेकींना ओळखायला लागल्या.

बसवाल्यांचा माणूस आला त्या दिवशी डबा घेऊन मी गेले. खरं तर धाकटीनं जायचं, पण ती म्हणाली, "ताई, मला बघवणार नाही. आणि हूक उडालाच तर तुम्हीच जरा दूर उभ्या राहा." मास्तरनं माझ्यासमोर जेवण केलं. एकेक घास असा चावला की मी दोनदा घड्याळ बघितलं. मग आवारात फेऱ्या मारून आला.

मालकिणीनं नमुन्याची पँट पुतळ्याला घालून ठेवली होती. काय ती बसली होती म्हणून सांगू, कुठे सुरकुती नाही. पुतळा उभा होता ताठ, लोखंडी दांड्यावर, कंबर बरोब्बर छत्तीस. मास्तर त्याच्या मागे भिंतीला टेकून. मला त्याच्याकडे बघवेना म्हणून मी इस्त्रीवालीकडे बघत होते.

बसवाल्यांचा माणूस जाडसर, घामेजलेला, हातात पिशवी. त्यानं पुतळ्याभोवती एक फेरी मारली. शिवण ओढून बघितली, खिशात हात घालून बघितला.

"छान आहे," तो म्हणाला. "आता याला बसवा."

"कोणाला?" मालकिणीनं विचारलं.

"यालाच. आमचा ड्रायव्हर उभ्यानं गाडी चालवत नाही. दिवसभर बसून असतो. बसल्यावर कुठे काचते, कुठे उसवते ते बघायचंय मला."

मालकिणीनं पुतळ्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघू शकत नव्हता. तिनं एक स्क्रू फिरवून बघितला. पुतळा उंच झाला.

मग तिनं मास्तरकडे बघितलं. "मास्तर, तेवढं जरा…"

मास्तर पुतळ्याची पँट उतरवून कापडाच्या थरांमागे गेला आणि ती चढवून आला. एक स्टूल ठेवलं. तो बसला. मशिनी थांबल्या होत्या, सगळ्या बायका मान वळवून बघत होत्या, इस्त्रीवालीनं इस्त्री जरा बाजूला घेतली. "क्लच दाबा," तो माणूस म्हणाला. मास्तरनं पाय लांब केला. "मागे वळून बघा. वाका. खाली पैसे पडलेत, उचला." मास्तर वाकला. पोट दाबलं गेलं. मी डबा छातीशी धरला.

हूक जागच्या जागी राहिला. त्या माणसानं कमरेत दोन बोटं घालून बघितली, बोटं आरामात फिरली. "जेवणानंतरची कंबर आहे ना ही?"

"हो," मास्तर म्हणाला. "आत्ताच जेवलो."

"मग ठीक. आमचे लोक जेवूनच बसतात. हाच माणूस माप ठेवा."

आणि त्या शांततेत आवाज आला. लांबलचक, कपाट सरकवल्यासारखा. सगळ्या बायकांनी सवयीनं मास्तरकडे बघितलं. पंखेवालीनं पंख्याकडे हात नेला. मास्तरचा चेहरा पडला, त्यानं स्वतःच्या पोटावर हात ठेवला, आणि मग हळूच वर बघितलं.

आवाज त्याचा नव्हता.

बसवाल्यांच्या माणसानं घाम पुसला. "माफ करा," तो म्हणाला. "सकाळपासून कोबी खाल्लाय. बायको सध्या कच्चंच देते. मोबाइलवर एक गुरू आहे."

"लाल गालांचा?" मी विचारलं.

"तोच. तुम्हाला कसं माहीत?"

मालकीण तेवढ्यात पुतळा हलवायला लावत होती. "मास्तर, हा तुमच्या टेबलाशी नको," ती म्हणाली. "दाराजवळ ठेवा. छत्र्या अडकवायला होईल."

पण मास्तरचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यानं मनगटावरची उशी सारखी केली, स्टूल त्या माणसाकडे सरकवलं, डॉक्टरीणबाईसारखा आवाज काढला आणि म्हणाला, "बसा. आधी एक सांगा, दात स्वतःचे आहेत का?"